उतारावरचा डावा कान

माझ्या चारी चाकांची शपथ! हॉर्नची शपथ, दोन्ही आरशांची शपथ, पोटातल्या बॅटरीची शपथ! आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला ना, तर भर हिवाळ्यात घाटमाथ्यावर माझी काच खाली अडकून बसो आणि वसंत येईपर्यंत वर न येवो. झालं समाधान? मग गुपचूप बसा. मी चिडलेली आहे, आणि चिडलेल्या म्हातारीला मध्येच अडवायचं नसतं.

मित्रांनो, मी एक जुनी हायब्रीड गाडी आहे. अकरा वर्षांची. रंग मुळात पांढरा होता, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. समुद्राकाठच्या एका कारखान्यात लोखंडी हातांनी मला जोडलं आणि माझ्या पोटात दोन जीव घातले. एक पेट्रोलचं इंजिन आणि एक विजेची मोटर. इंजिन सगळ्यांनाच असतं हो, त्याचं काय कौतुक! खरी गंमत मोटरची. उतारावर चालवणाऱ्यानं पाय उचलला की माझी मोटर उलटी राबायला लागते. चाकं तिला फिरवतात, ती चाकांना धरून ठेवते, आणि त्या ओढाताणीतून वीज होते ती बॅटरीत जाऊन बसते. उतरता उतरता वेग आवरायचा आणि वर शिदोरीही बांधायची! तुमच्या घरात आहे का असं कुणी?

किती धरून ठेवायचं हे मला सांगायला स्टेअरिंगच्या मागं दोन पाती आहेत. पुस्तकात त्यांना पॅडल म्हणतात. डावं ओढलं की मी जास्त धरते. पुन्हा ओढलं की आणखी धरते. उजवं ओढलं की तितकीच सोडते. संपलं. शेंबडं पोर शिकेल.

आणि मी पडले कुणाच्या हातात? शिम दोकगिलच्या! जळ्ळं मेलं नशीब!

या दोकगिलनं तीस वर्षं कोबी आणि मुळ्याचा ट्रक देग्वाल्ल्योंग घाटातून खाली समुद्राकाठच्या गांगनुंग शहराच्या बाजारात नेला होता. नव्याण्णव वळणं आहेत म्हणतात त्या घाटाला. ट्रक थकला, तसे दोकगिलचे गुडघेही थकले, म्हणून त्याच्या मुलीनं, ह्यांगसुकनं, मला घेतलं. तिची घाटमाथ्यावर सुक्या माशाच्या रश्श्याची खानावळ आहे. आणि मासे वाळवते तिची आई, ओकबुन. हिवाळा लागला की समुद्रावरनं ओला मासा वर यायचा आणि ही बाई तो बर्फात लाकडी मांडवावर टांगायची. रात्री गोठायचा, दिवसा सुटायचा, असं करत करत वसंतापर्यंत सोन्यासारखा पिवळा व्हायचा. वारा तर असा, की एका माघात मांडवावरचे मासे हवेत पोहायला लागले आणि त्यातला एक थेट शेजारच्या गोठ्यात जाऊन गाईशी बोलत बसला. हसू नका. शपथ घेतलीय मी.

मी दारात आले त्या दिवशी माझी पूजा झाली. आमच्याकडच्या रीतीनं समोर पाट मांडला, त्यावर उकडलेलं डुकराचं डोकं, त्याच्या तोंडात नोटा. तांदळाची पांढरी दारू माझ्या चारी चाकांवर ओतली. चांगलं वाटलं, खोटं कशाला सांगू! मग ओकबुननं तिच्या मांडवावरचा सगळ्यात मोठा सुका मासा आणला. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, लाकडासारखा कडक. त्याला पांढऱ्या सुताचे वेढे दिले आणि माझ्या काचेखाली, डाव्या-उजव्या सीटच्या मधोमध ठेवला. अपघात टळावा म्हणून.

"झालं!" दोकगिल म्हणाला. "आता हिला काही होत नाही."

"अप्पा, पुस्तक वाचा एकदा," ह्यांगसुक म्हणाली. "ही गाडी वेगळी आहे. उतारावर..."

"पोरी, उतार मला शिकवतेस? तुझ्या दुधाच्या दातांआधीपासून उतरतोय मी."

मंडळी जेवायला बसली. ओकबुन ओट्यापाशी लाकडी मोगरीनं सुका मासा बडवत होती. बडवल्याशिवाय तो मऊ पडत नाही, रश्श्यात उतरत नाही. तिचा ठोका ऐकून दोकगिलनं दारूचा वाडगा उचलला आणि म्हणाला, "आमचे वाडवडील म्हणायचे, सुका मासा आणि बायको, दर तिसऱ्या दिवशी एकदा बडवावी, तेव्हा कुठं गोडी लागते!"

सगळे हसले. ओकबुन हसली नाही. तिनं पाहुण्यांना रस्सा वाढला. ही म्हण तो तेव्हा एकदाच म्हणाला हं. एकदाच. हात नाही उगारला कधी, तेही सांगून ठेवते. पण अंगणात उभ्या उभ्या मी ती ऐकली, आणि तेव्हा मी एका दिवसाची होते.

आणि ते पुस्तक! माझं पुस्तक! कुणीतरी शेवयांचं उकळतं पातेलं आणलं, ठेवायला काही सापडेना, तर दोकगिलनं माझं पुस्तक उघडून त्याखाली सरकवलं. अकरा वर्षं तेच त्याचं काम. आजही उघडून बघा, 'उतारावर गाडी चालवताना' या पानावर पातेल्याच्या बुडाचा काळा गोल आहे. अक्षरं सुद्धा जळालीत. संताप होईल नाहीतर काय होईल?

पण यापेक्षा वाईट पुढंच आहे. दोकगिलला ट्रकवाल्यांची एक जुनी खोड. उतार लागला की गियरचा दांडा पुढं ढकलायचा आणि गाडी न्यूट्रलला टाकायची. "फुकटात उतरते," म्हणायचा. अरे, फुकटात कसली? न्यूट्रलला टाकलं की माझी मोटर सुटते! मी हात बांधून बसते! डावं ओढा नाहीतर उजवं, काही उपयोग नाही. साधा गियरमध्ये राहून ब्रेक दाबला असता तरी अर्धं ओझं मोटरनं घेतलं असतं. पण नाही. सगळं वजन, सगळा वेग, ब्रेकच्या त्या चार चकत्यांवर. पाय दाबून, दाबून, दाबून. वर घाटावरनं धुकं यायचं आणि खालून माझ्या चाकांचा धूर जायचा. अर्ध्या वाटेत ते एकमेकांना भेटून विचारपूस करायचे.

गांगनुंगला ओकबुनच्या थोरल्या बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशीच एका मेस्त्रीचं गॅरेज. दर वर्षी तो मला वर उचलायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"दोकगिलभाऊ, मोटर नवी कोरी आहे. हात लावलेला नाही तिला कुणी. आणि ब्रेक बघा, भाजलेलं रताळं!"

"तू चकत्या बदल. बडबड नको."

"गाडी हिऱ्यासारखी आहे हो. तुम्ही तिच्याकडून ट्रक करून घेताय."

अकरा वर्षांत माझं एवढंच कौतुक झालं, तेही वर टांगलेल्या अवस्थेत.

आता ओकबुनचं ऐका, कारण ही गोष्ट तिची आहे. तिची ताई समुद्राकाठी एकटी राहायची. ओकबुन दर आठवड्याला तिला रस्सा घेऊन जायची. पातेलं फडक्यात बांधून मांडीवर. घाट उतरताना दोकगिल कचकन ब्रेक दाबायचा, सोडायचा, दाबायचा, आणि प्रत्येक वळणाला रस्सा तिच्या मांडीवर. परकर धुऊन धुऊन डाग जात नसत. बोलायची नाही. खाली पोचल्यावर अर्धं पातेलं ताईच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "एवढाच केला होता."

एकदा दोकगिलची कंबर धरली म्हणून ह्यांगसुक तिला घेऊन निघाली. माथ्यावरचं पहिलं वळण आलं, तिनं पाय उचलला आणि डावं पातं ओढलं. एकदा. मग परत एकदा. आहाहा! अकरा वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर श्वास घेतला. चाकं अलगद धरली. घाट कसा उतरला कळलंच नाही. अर्ध्यात बॅटरी काठोकाठ भरली तेव्हा मी इंजिनला हाक मारली, ते घूंऽऽ करत उठलं आणि उरलेला उतार त्यानं अंगावर घेतला.

ओकबुन मांडीकडे बघत होती. मग म्हणाली, "सांडला नाही गं."

"काय?"

"रस्सा. एक थेंब नाही सांडला. तू केलंस काय? ते मागचं काय ओढत होतीस? कान?"

ह्यांगसुक हसली. "हो, कानच म्हण. डावा ओढला की धरते, उजवा ओढला की सोडते. फक्त गियरमध्ये हवी. दांडा मागं असला पाहिजे. पुढं ढकलला की गाडी बहिरी."

"दांडा मागं. डावा कान," ओकबुन म्हणाली. परतताना घाटभर ती ते तोंडातल्या तोंडात म्हणत होती, जपासारखं. तेव्हापासून मीही त्यांना कानच म्हणते.

घरी येऊन तिनं विषय काढला. "अहो, ह्यांगसुक ते डावीकडचं ओढते ना, तर रस्सा..."

"तू मासे वाळव," दोकगिल म्हणाला.

ह्यांगसुकचा पारा चढला. "अप्पा, मग किल्ल्या द्या इकडे! ब्रेक जळायला लागलेत. मी आईला तुमच्या शेजारी बसू देणार नाही!"

"मग नेणार कोण तिला? तू? खानावळ बंद करून?"

बस माथ्यावर थांबत नाही. ह्यांगसुकनं आईकडे बघितलं. ओकबुन म्हणाली, "राहू दे गं. उतरतात ते नीट." हे खोटं होतं. पण किल्ल्या गेल्या की ताई गेली, हे तिला कळत होतं. म्हणून गेली कित्येक वर्षं ती दोकगिलशेजारी माझ्या उजव्या सीटवर (आमच्याकडं स्टेअरिंग डावीकडं असतं) जीव मुठीत आणि पातेलं मांडीवर धरून बसत होती. या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त राग येतो. माणसानं कशा कशावर पांघरूण घालायचं?

मग ताईचा ऐंशीवा वाढदिवस आला. ओकबुननं पहाटे उठून समुद्रशेवाळाचा रस्सा केला. वाढदिवसाला दुसरं काही चालतच नाही. सकाळचं ऊन होतं, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग वितळत होते. दोकगिल खुशीत. माथा ओलांडला आणि दांडा पुढं. न्यूट्रल!

पहिली पंधरा वळणं तो गुणगुणत उतरला.

"अहो, वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल."

"पुढं ट्रक नाहीय."

"मग मागच्याचा."

दोन वळणं गेली.

"अहो, जरा हळू."

"हळूच चाललोय."

"मग झाडं का पळताहेत?"

मित्रांनो, ब्रेक जातो तेव्हा आवाज होत नाही. सिनेमात होतो, खरा नाही होत. पाय खाली जातो, एवढंच. लोण्यात गेल्यासारखा. दोकगिलनं पुन्हा दाबला. पुन्हा. काटा बहात्तरवर, मग ऐंशीवर, मग शहाऐंशीवर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाइनची टोकं. टोकं, हं! बुंधे पार खाली दरीत.

"लागत नाहीय," तो म्हणाला. बारीक आवाजात. तीस वर्षांचा ट्रकवाला, आणि आवाज पोराचा.

मी आत ओरडत होते. अरे मी आहे ना! मोटर आहे, रिकामी बॅटरी आहे! न्यूट्रलमुळे उतारभर एक थेंब वीज भरलेली नव्हती, पोट खाली, हवं तेवढं गिळलं असतं! पण हात बांधलेले. सांगणार कुणाला?

ओकबुननं पातेलं पायाशी ठेवलं. हात लांबवला. आणि गियरचा दांडा खटकन मागं ओढला.

गाडी गियरमध्ये आली. मी चाकं धरली.

"काय करतेस! मोडशील!" दोकगिल किंचाळला आणि त्याचा उजवा हात दांड्याकडे झेपावला, परत पुढं ढकलायला. तीस वर्षांची खोड हो, जीव जायची वेळ आली तरी तीच सुचली.

ओकबुननं समोरचा मासा उचलला. अकरा वर्षं काचेखाली ऊन खाऊन तो लोखंड झाला होता. आणि तिनं तो त्याच्या मनगटावर हाणला. सटाक!

"हात वर! स्टेअरिंगवर!"

"अगं..."

सटाक! "डावा कान ओढ!"

"कान? कुठला कान?"

"तुझा नाही, मुडद्या! गाडीचा! स्टेअरिंगमागचा! डावा! ओढ!" बावन्न वर्षं 'अहो' म्हणणारी बाई. 'अहो' खिडकीतनं दरीत गेलं, ते अजून सापडलं नाही.

त्यानं ओढला. एक पायरी. मी आवळलं.

सटाक! "परत!"

दुसरी. एकाहत्तर.

सटाक! "परत!"

तिसरी. अठ्ठावन्न. वळण आलं, माझे टायर रडले, उजवीकडे पाइनची टोकं काचेला लागतात की काय इतकी जवळ. पाचवा फटका तो चुकून उजवा कान धरायला गेला म्हणून. सहावा दांड्याकडे नुसतं बघितलं म्हणून. चाळीस. चोवीस. रस्त्याकडेच्या सपाटीवर मी रांगत रांगत आले आणि धापा टाकत उभी राहिले. चारी चाकांतून धूर.

सातवा फटका थांबल्यावर बसला. त्याला काही कारण नव्हतं. सात. मी मोजलेत.

माझ्या तापलेल्या चकत्या टिकटिकत होत्या. ओकबुनच्या हातात अर्धा मासा होता, अर्धा त्याच्या मांडीवर.

"मासा मोडला गं," दोकगिल म्हणाला.

"मोडू दे. बडवल्याशिवाय मऊ कुठं होतो."

मेस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, दीड तास जागचं हलू नका, चकत्या गार होऊ द्या, पाणी ओतू नका, आणि मग कान ओढून सरपटत थेट गॅरेजला या. तसेच उतरले. उरलेला सगळा घाट दोकगिलनं दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, डावा कान ओढून काढला. पायाशी ठेवलेल्या पातेल्यातलं शेवाळ हललं नाही.

गॅरेजपाशी ताई काठी टेकत आली. दोकगिल मेस्त्रीच्या शिव्या खात होता. ताईनं त्याचं लाल झालेलं मनगट बघितलं, सीटवरचे माशाचे तुकडे बघितले, आणि माझ्या खिडकीत वाकून बहिणीला विचारलं, "खरं सांग. तो अजून म्हणतो का ती म्हण?"

"छे गं, ताई," ओकबुन म्हणाली. "एकदाच म्हणाले होते."

मग त्या दोघींनी माशाचे तुकडे गोळा केले आणि ताईच्या पातेल्यात टाकले. रस्सा चाखून ताई म्हणाली म्हणे, "चांगला बडवलाय."

आता दोकगिल कान ओढतो. दर उतारावर. आणि राग याचा येतो, की चारचौघांत असं सांगतो जणू शोध त्यानंच लावला! "डावीकडचं ओढायचं, पाय उचलायचा, कळलं का? वीज बनते!" पुस्तकही वाचलं, जळालेली अक्षरं सोडून. परवा खानावळीत मंडळी बसली होती. ओकबुन आत मोगरी चालवत होती. दारूचा वाडगा वर करून याची जुनी जीभ वळवळली. "आमचे वाडवडील म्हणायचे, सुका मासा आणि..."

आतली मोगरी थांबली.

"आणि?" आतून आवाज आला.

दोकगिलनं मनगट चोळलं. "आणि नवरा," तो म्हणाला.

मोगरी परत सुरू झाली.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून मागत नाही, ओरडून मागते. ज्याच्या अंगी धरून ठेवायची ताकद आहे, त्याला न्यूट्रलला टाकू नका. गाडी असो नाहीतर माणूस. पूजा करा, सूत गुंडाळा, माझं काही म्हणणं नाही, पण आधी ऐकून घ्या. उतार लागायच्या आधी विचारा, तुला काय येतं? आणि पुस्तकावर पातेलं ठेवू नका!

आता जाता जाता. शपथ घेतली होती, त्यामुळं घशात अडकलंय. सगळ्यात एक गोष्ट रचलेली आहे. तुम्ही म्हणाल, गाईशी बोलणारा मासा. तो खरा आहे. म्हणाल, सात फटके. सातच्या सात खरे. धुक्याची आणि धुराची विचारपूसही खरी.

ती म्हण तो एकदाच म्हणाला, हे खोटं.

दर पाहुण्याला म्हणायचा. दर वाडग्याला. माझ्यासमोर अकरा वर्षं, माझ्याआधी एक्केचाळीस. ते खोटं ओकबुनचं होतं, मी नुसतं उचललं. तिनं खिडकीत बसून ते ताईला इतक्या सहज सांगितलं, की माझ्याही तोंडी तेच बसलं. आणि आज सकाळी म्हातारा बादली घेऊन आला, गुडघे टेकून माझ्या चकत्या पुसत बसला, तेव्हा वाटलं, जाऊ दे, एकदाच म्हणू.

पण मी अजून रागावलेलीच आहे. काच खाली अडकली तरी चालेल.